परक्या सुरांचा अधिकार

एखाद्या विद्येवर आपला अधिकार आहे असे मनुष्याने केव्हा म्हणावे? प्रश्न जुना आहे, आणि आपल्याकडे त्याची दोन उत्तरे चालत आली आहेत. पहिले उत्तर जन्माचे. ज्या मातीत, ज्या कुळात एखादी विद्या वाढली तेथे जन्मलेला मनुष्य तिचा स्वाभाविक वारस. इतरांनी तिच्याकडे दुरून पाहावे, फार तर नमस्कार करावा. दुसरे उत्तर त्या मानाने अलीकडचे, पदवीचे. ज्याच्या हाती विद्यापीठाचा किंवा परीक्षामंडळाचा कागद आहे तो जाणकार, मग त्याचे कूळ कोणतेही असो. संगीताच्या क्षेत्रात ‘घराणे’ हा शब्द पहिल्या उत्तराची आठवण देतो आणि ‘विशारद’ हा दुसऱ्याची. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत असे मला वाटते. आणि तसे का वाटते, हे एका संगीतकाराच्या चरित्राच्या आधाराने सांगण्याचा येथे विचार आहे.

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकाला हा प्रश्न निराळ्या बाजूने भिडतो. ‘अधिकारी’ हे तर त्याचे नित्याचे संबोधन. पण या शब्दाचा मुळातला अर्थ ‘पात्रता असलेला’ असा आहे. वेदान्ताच्या ग्रंथांत आरंभीच ‘अधिकारी कोण’ याची चर्चा येते, आणि तेथे हुद्द्याचा काडीमात्र संबंध नसतो. हुकमाच्या कागदाने मनुष्य एखाद्या जिल्ह्यात रुजू होतो; त्या जिल्ह्यातील माणसांविषयी, त्यांच्या बोलीविषयी, त्यांच्या गाण्याविषयी मत देण्याची पात्रता त्या कागदाला जोडून येत नाही. मते मात्र पुष्कळांची रुजू झाल्यापासून दुसऱ्या आठवड्यात तयार असतात!

ज्या जागी बसून हे लिहितो आहे ती या विचाराला पोषकच म्हणावयाची. सेक्टर ६७ चा आकडा चंदीगडच्या आकड्यांना जोडून पुढे आला आहे, पण जमीन पंजाबची, साहिबजादा अजितसिंग नगरची, म्हणजे बोलण्यातल्या मोहालीची. औषधनिर्माणशास्त्राची राष्ट्रीय संस्था, जिला सगळे ‘नायपर’ म्हणतात, याच सेक्टरमध्ये असल्यामुळे तमिळ, बंगाली, तेलुगू आणि मराठी मुले संध्याकाळी एकाच चहावाल्यापुढे उभी दिसतात. आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत कोणी कुळकथा विचारीत नाही. येथे कागद विचारला जातो. संगीताचेही तसेच आहे. १९५६ मध्ये चंदीगडला स्थापन झालेले प्राचीन कला केंद्र देशभर संगीत-नृत्याच्या परीक्षा घेते, त्याची एक वास्तू येथून जवळच सेक्टर ७१ मध्ये आहे, आणि आपल्या मंडळींची मुलेबाळे हौसेने या परीक्षांना बसतात. त्यात वावगे काहीच नाही. निकाल लागल्यावर तानपुरा गवसणीत जाऊन कपाटावर चढतो, याचा दोष परीक्षा घेणाऱ्याकडे जात नाही. घरच्यांनी कागदालाच विद्या मानलेले असते.

ज्याच्याविषयी लिहावयाचे आहे त्या संगीतकाराने असा एक कागद हाताशी आला असताना नाकारला होता.

वॉल्टर काउफमान यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड येथे झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते चेकोस्लोव्हाकियात गेले आणि आज कार्लोव्ही व्हारी या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. घरची भाषा जर्मन, धर्माने कुटुंब ज्यू. बर्लिनच्या संगीत विद्यालयात फ्रान्झ श्रेकर यांच्या हाताखाली ते संगीतरचना शिकले. निरनिराळ्या जनसमूहांच्या वाद्यांचा आणि गायनाचा तौलनिक अभ्यास करणारे कुर्ट झाक्स हे त्यांचे दुसरे गुरू. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी गुस्ताव माहलर या थोर ज्यू संगीतकारावर प्रबंध सिद्ध केला. मार्गदर्शक होते प्राध्यापक गुस्ताव बेकिंग. हे बेकिंग तेथील नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत असे काउफमान यांना कळले, आणि त्यांनी पदवी स्वीकारण्याचे नाकारले.

येथे थोडे थांबले पाहिजे. व्यवहारी मनुष्य म्हणेल, प्रबंध तर स्वतःचा होता, श्रम स्वतःचे होते. मग सही कोणाची आहे याच्याशी काय कर्तव्य? औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी कोणत्याही हाताने चिकटवली तरी औषध बदलत नाही. हा युक्तिवाद दुबळा नाही. शिवाय निर्वासिताच्या गाठोड्यात पदवीचा कागद ही मौल्यवान वस्तू असते. परक्या देशात भाकरी मिळवून देण्याचे सामर्थ्य त्यात असते. तरुण काउफमान यांना युरोप सोडावा लागणार याची चाहूल लागलेली होती. अशा वेळी कागद टाकून देणे हे हिशेबी मनुष्याला वेडेपणाचे वाटेल.

परंतु पदवी ही काही नुसती चिठ्ठी नव्हे. ‘हा मनुष्य जाणता आहे’ अशी ती एक साक्ष असते, आणि साक्षीचे मोल साक्षीदाराच्या सचोटीवर अवलंबून असते. जो मनुष्य एका ज्यू संगीतकाराच्या कलेवरचा प्रबंध सकाळी तपासतो आणि संध्याकाळी त्या संगीतकाराच्या सबंध जातीला नाहीसे करू पाहणाऱ्या संघटनेचे नेतृत्व करतो, त्याची साक्ष ज्ञानाविषयी खरी मानावी काय? स्वरांच्या हिशेबाविषयी कदाचित खरी असेल. पण विद्या आणि वर्तन यांच्यामध्ये अशी भिंत घालून राहता येते, हे ती साक्ष घेणाऱ्यालाही कबूल करावे लागते. काउफमान यांनी ते कबूल केले नाही. आपल्याकडे गुरूचे दोष शिष्याने पाहू नयेत असे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि एकलव्याचा दाखलाही नेहमीचा आहे. महाभारतातच भीष्माचाही दाखला आहे. परशुरामाशी युद्धाची वेळ आली तेव्हा, कार्याकार्य न जाणणारा आणि मार्ग सोडून गेलेला गुरू त्याज्य होतो या वचनाचा आधार घेऊन भीष्म उभा राहिला. शिष्यत्वाच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट आपण क्वचितच सांगतो.

या त्यागाला पुढच्या घटनांनी भीषण पार्श्वभूमी दिली. काउफमान यांचे वडील नाझींच्या छळात बळी गेले. काउफमान यांची पहिली पत्नी गेर्टी ही कादंबरीकार फ्रान्झ काफ्का यांची भाची. काफ्कांच्या तिन्ही बहिणी महायुद्धाच्या काळात मारल्या गेल्या.

१९३४ च्या फेब्रुवारीत काउफमान मुंबईस आले. त्यांनी मुंबई का निवडली, याची कारणे साधी होती. येथे येण्याचा परवाना सहज मिळण्यासारखा होता, आणि चित्रपट-दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्याशी ओळख होती. विली हास हे जर्मन लेखकही पुढे याच भवनानींच्या आश्रयाने मुंबईत चित्रपटकथा लिहीत होते. मुंबई त्या दशकात अशा मंडळींचे आश्रयस्थान झाली होती. व्हिएन्नाचे चित्रकार वाल्टर लांगहामर, जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांच्या दिवाणखान्यांत पुढे रझा, आरा, हुसेन ही तरुण मंडळी घडली, हे कलेच्या इतिहासाचे वाचन असलेल्यांना ठाऊक आहेच. संगीताच्या प्रांतातील तसा माणूस काउफमान.

हिंदी संगीताशी त्यांची पहिली भेट ध्वनिमुद्रिकांवरून झाली, आणि ती सुखाची नव्हती. ते संगीत त्यांना सर्वस्वी परके आणि अनाकलनीय वाटले. येथवर नवल नाही. बहुतेक युरोपियनांची कथा हीच आहे. नवल आहे ते पुढच्या विचारात. ज्या संगीतावर लक्षावधी माणसे जीव टाकतात आणि जे बुद्धिमान, सहृदय माणसांनी निर्माण केले आहे, ते आपल्याला कळत नसेल तर उणीव संगीतात नसून आपल्या कानात आहे. आणि ती दूर करण्याचा मार्ग म्हणजे जेथे ते उगवले तेथे जाऊन राहणे. त्यांनी स्वतः पुढे आपल्या आठवणींत मांडलेला विचार या आशयाचा आहे.

मला या विचारात आणि पदवी नाकारण्यात एकच वृत्ती दिसते. वरवर पाहता एक कृती मानी मनुष्याची आणि दुसरी नम्र मनुष्याची. परंतु दोन्हीत प्रश्न एकच विचारलेला आहे: मला हे खरोखर कळले आहे काय, आणि कळले असे कोणी सांगावे? ज्याची साक्ष खोटी ती घ्यावयाची नाही. आणि ज्याविषयी आपली स्वतःची साक्ष खोटी ठरेल त्याविषयी तोंड उघडावयाचे नाही.

आपल्या मंडळींच्या पंजाबातील वागणुकीला हे माप लावून पाहावे. संत नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे वाक्य येथील प्रत्येक मराठी मेळाव्यात एकदा तरी उच्चारले जाते. २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन भरले तेव्हा तर ते शेकडो वेळा उच्चारले गेले. अभिमान योग्यच आहे. परंतु त्या ग्रंथाची मुख्य मांडणी एकतीस रागांनुसार आहे, नामदेवांची पदेही त्या त्या रागाच्या विभागात आहेत, आणि ती आज पहाटे कोणत्या चालीत, कोणत्या तालात गायिली जातात हे ऐकण्यासाठी गुरुद्वारात अर्धा तास स्वस्थ बसलेले मराठी गृहस्थ किती सापडतील? एकसष्ट हा आकडा आपण पाठ केला आहे; त्या पदांचे आजचे गाणे ऐकण्याचे श्रम मात्र पंजाब्यांवर सोपवून दिले आहेत.

काउफमान यांनी मुंबईत बारा वर्षे काढली. पियानोवर स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर इटालियन वादक एडिजिओ व्हेर्गा अशी जुळणी करून त्यांनी मोजक्या वाद्यांच्या मैफली भरविणारी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ चालविली. मेहली मेहता म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या झुबिन मेहतांचे वडील. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपियन संगीत विभागाचे प्रमुख होते; १९३८ मध्ये त्यांची ‘अनसूया’ ही नभोवाणीसाठी रचलेली संगीतिका प्रसारित झाली. चित्रपटांनाही त्यांनी संगीत दिले. पोटासाठी जे करावे लागले ते त्यांनी केले.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. त्यांचे नेमणुकीचे काम युरोपियन संगीताचे होते, आणि त्याचा श्रोता म्हणजे मुंबईतील गोरे, पारशी व काही ख्रिस्ती कुटुंबे. त्याच शहरात ऑपेरा हाऊसच्या परिसरात प्राध्यापक बी. आर. देवधर यांचे संगीत विद्यालय १९२५ पासून चालू होते. स्वतः देवधरांनी पाश्चात्य संगीताचाही रीतसर अभ्यास केला होता, आणि त्यांच्याच विद्यालयात बालवयातील कुमार गंधर्व येऊन दाखल झाले होते. गिरगावच्या चाळींतून त्या वर्षांत केवढे गाणे वाहत होते! त्या गाण्याच्या मानाने काउफमान यांची संगीतसभा हे एक बेटच होते. बेटावर राहून ते किनाऱ्याकडे कान लावून बसले, हे खरे. पण बेट हे बेटच. परमुलखात गेलेल्या मनुष्याला आपल्यासारख्यांचा कंपू केल्याशिवाय जगता येत नाही, आणि कंपू केला की किनारा दुरावतो. महाराष्ट्र मंडळांच्या सभासदांना हे अधिक फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

तरीही त्या बेटावरून एक सूर किनाऱ्यावर आला आणि तो सबंध देशात पसरला. आकाशवाणीचे दिवसाचे प्रसारण सुरू होण्यापूर्वी तानपुऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनची जी छोटी सुरावट ऐकू येते ती काउफमान यांची रचना होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिच्यात शिवरंजनी रागाची छाया आहे: भूपाचे पाच स्वर घ्यावेत, त्यांतील गंधार कोमल करावा, म्हणजे प्रसन्नतेत एक व्याकुळ रेषा उमटते. भारतीय रागाचे स्वर, युरोपियन वाद्य, खाली तानपुऱ्याचा षड्ज-पंचम. तिच्यात पाश्चात्य पद्धतीचे स्वरांचे थर नाहीत. ज्याला थर रचण्याचेच शिक्षण मिळाले होते त्याने येथे ते बाजूस ठेवले. काय गाळावे हे ज्याला कळले त्याला काहीतरी कळले होते, एवढे तरी मान्य करावे लागेल. लाखो घरांत या सुरावटीवर दूध तापले, शाळेचे डबे भरले गेले, ऑफिसची लगबग सुरू झाली. कोणी कर्त्याचे नाव विचारले नाही. लोकगीताच्या वाट्याला येते तसे अनामिकत्व एका निर्वासिताच्या रचनेला लाभले.

याच काळात, याच आकाशवाणीत, परक्याने दिलेल्या दुसऱ्या एका मताची कहाणी घडली आणि ती अगदी उलट आहे. जॉन फाउल्ड्स हे इंग्रज संगीतकार दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख होते. हेही गुणी गृहस्थ. भारतीय वाद्यांचा वृंद बांधण्याचा प्रयोग त्यांनी मनापासून केला आणि १९३९ मध्ये कलकत्त्यास पटकीच्या साथीत त्यांचा अंत झाला. पण १९३८ मध्ये त्यांनी हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला: या वाद्यातील ठोक स्वर भारतीय गायनाच्या सूक्ष्म स्वरांचा घात करतात. नभोवाणीचे तेव्हाचे मुख्य अधिकारी लायोनेल फील्डन यांचेही मत तसेच होते. रवींद्रनाथांनाही पेटी आवडत नसे. १९४० मध्ये आकाशवाणीवरून पेटी हद्दपार झाली, आणि ती बंदी जवळजवळ तीस वर्षे टिकली.

शास्त्र म्हणून फाउल्ड्स यांचे म्हणणे चूक नव्हते. पेटीवर मींड निघत नाही, आणि तिचा गंधार प्रत्येक रागाला सारखाच असतो. पण गोविंदराव टेंबे यांच्या बोटांतून निघालेली पेटी, नाट्यपदांच्या मागे उभी राहिलेली पेटी, कीर्तनात आणि पंजाबातील शबदगायनात रुळलेली पेटी या शास्त्रात कोठे बसते? ज्यांनी ती पन्नास-साठ वर्षे आपल्या गळ्याशी जुळवून घेतली त्यांना विचारल्याशिवाय ती अशुद्ध ठरविण्यात आली. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण परक्याचा तिरस्कार जितका घातक असतो तितकेच त्याचे प्रेमही घातक होऊ शकते, विशेषतः त्या प्रेमाच्या हाती सहीचा अधिकार असेल तर. आवडत्या प्रदेशाला त्याच्याच लोकांपासून वाचविण्याची इच्छा पुष्कळ सद्हेतू अधिकाऱ्यांना झालेली आहे. काउफमान यांच्या लेखणीतून असा फतवा निघाला नाही. त्यांनी ऐकले, लिहून घेतले, आणि जे जसे आहे ते तसे मांडले.

या ‘लिहून घेण्या’विषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे. १९४१ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित संगीतविषयक त्रैमासिकात त्यांचा गोंड आणि बैगा यांच्या गीतांवरील लेख प्रसिद्ध झाला. पुढे बस्तरकडील माडिया आणि मुरिया यांच्या गाण्यांवरही त्यांनी लिहिले. या जमाती काही सातासमुद्रापलीकडच्या नव्हेत. गोंड आणि माडिया हे चंद्रपूर-गडचिरोलीतील आपले शेजारी, नव्हे घरचेच. त्यांच्यातून जिल्ह्याचा कारभार पाहणारे, जंगलखात्यात हयात घालविणारे मराठी अधिकारी कमी झाले नाहीत. साग किती घनफूट निघाला याचे हिशेब त्यांनी चोख ठेवले; त्या सागाच्या सावलीत चाललेल्या गाण्याचे स्वर कागदावर उतरवावेत असे किती जणांना वाटले? जन्माने जवळ असणे आणि कानाने जवळ असणे यांत किती अंतर असू शकते ते येथे दिसते. पाश्चात्य पाचरेषी स्वरलिपीत ही गाणी बसवताना बरेच निसटते. त्या लिपीची रेघ ठरलेल्या स्वरावर असते, आणि गाणारा गळा त्या रेघांच्या मधून जातो. पण न लिहिल्याने सगळेच निसटते.

पंजाबात राहणाऱ्या मराठी माणसाला या ठिकाणी विष्णु दिगंबर पलुसकरांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर. मिरजेचा गायक, मातृभाषा मराठी, अधू दृष्टी. आणि काम पंजाब्यांच्या मुलामुलींना गाणे शिकविण्याचे. प्रतिष्ठित घरात गाण्याला जागा नव्हती त्या काळात त्यांनी ती मिळवून दिली, आणि शिक्षकांची एक पिढीच घडवली. त्यांच्या कार्याची थोरवी निर्विवाद आहे. तथापि पलुसकर लाहोरला गेले ते देण्यासाठी. आपल्याजवळ जे आहे ते पवित्र आहे आणि समाजाला त्याची गरज आहे, या निष्ठेने ते झपाटलेले होते, आणि अशा निष्ठेला समोरच्याकडून काही घेण्यास सवड नसते. पंजाबात पतियाळा-कपूरथळ्याकडे उस्तादांची स्वतःची भक्कम परंपरा होती. तिच्याकडे शिष्य म्हणून वळावे असे त्या निष्ठेत बसत नव्हते. काउफमान आले ते रिकाम्या हातांनी नव्हे, पण रिकाम्या कानांनी. दोघांत थोर कोण, हा प्रश्न पोरकट ठरेल. संस्था पलुसकरांसारख्यांच्या हातून उभ्या राहतात. परंतु बदलीवर गेलेल्या सामान्य मनुष्याजवळ देण्यासारखे पलुसकरांएवढे काही नसते, आणि तरी त्याचा आविर्भाव देणाऱ्याचा असतो, ही अडचण आहे.

आता काउफमान यांच्या स्वतःच्या रचनांविषयी. मुंबईत त्यांनी वाद्यचौकडीसाठी, व्हायोलिन-पियानोसाठी, मोठ्या वाद्यवृंदासाठी भरपूर लिहिले. या रचना पुढे जवळजवळ विस्मृतीत गेल्या. २०२० मध्ये टोरांटोच्या एका वादकसमूहाने त्यांतील काहींची ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा त्या पुन्हा लोकांच्या कानी पडल्या. चांगल्या चौकडीत चार व्हायोलिन-कुळीची वाद्ये एकमेकांशी बोलतात असे म्हणतात. येथे कधी कधी तीन वाद्ये मिळून तानपुऱ्याचे काम करतात आणि चौथे मोजक्या स्वरांत घोटाळत, त्याच जागी परत परत येत पुढे सरकते. ठेका अडून बसतो, मध्येच मोकळा होतो. हे भारतीय संगीत नव्हे. यात आलाप नाही, राग उलगडत नाही, आणि आपल्या मैफलीतल्या जाणकाराला ते अर्ध्यावर सोडल्यासारखे वाटेल. ते रूढ युरोपियन संगीतही नव्हे. दोन घरांमधल्या अंगणात उभे राहून केलेले ते बोलणे आहे. त्यात मला एक सचोटी जाणवते: आपण कोणत्या घरात जन्मलो नाही हे कर्ता कधी लपवीत नाही. भारतीय वेष घालून मिरविण्याचा मोह त्यात नाही. या सचोटीची किंमत म्हणून दोन्ही घरांनी त्यांना बराच काळ ओळख दिली नाही.

चंदीगडला याच्याशी जुळणारे उदाहरण आहे. या शहराचा कर्ता म्हणून ल कॉर्ब्युझिए यांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते वर्षातून ठराविक फेऱ्या करीत. त्यांचे चुलतभाऊ पियेर जानेरे मात्र १९५१ पासून १९६५ पर्यंत येथेच राहिले. सरकारी नोकरांची लहान घरे, शाळा, विद्यापीठाच्या इमारती, साध्या लाकडाच्या वेताच्या खुर्च्या, असे ज्याला उद्घाटनाची कोनशिला क्वचितच लाभते ते काम त्यांनी केले. १९६७ मध्ये त्यांना मृत्यू आला; त्यांच्या इच्छेनुसार १९७० मध्ये त्यांची रक्षा सुखना तलावात सोडण्यात आली. येथील विटेचा रंग, उन्हाचा कोन आणि कारागिराचा हात जानेरे यांना जसा कळला तसा तो फेरीवर येणाऱ्याला कळणे कठीण होते. राहणे म्हणजे काय याचा अर्थ मुक्कामाच्या वर्षांवरून ठरत नाही हे खरे असले, तरी वर्षांवाचूनही तो ठरत नाही.

१९४६ मध्ये काउफमान यांनी मुंबई सोडली. इंग्लंडहून ते कॅनडात गेले. हॅलिफॅक्सच्या संगीतशाळेत शिकविले, आणि नंतर सुमारे दशकभर विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालन केले. १९५७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने त्यांना संगीतशास्त्राच्या अध्यापनासाठी बोलावले, आणि १९८४ मध्ये मृत्यू येईपर्यंतचे आयुष्य ब्लूमिंग्टन या लहानशा विद्यापीठनगरीत गेले. प्रागला पदवीचा कागद सोडून आलेला तरुण पन्नाशीत प्राध्यापक झाला तो या वाटेने. पौर्वात्य स्वरलेखनावरचा त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये निघाला, उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा १९६८ मध्ये, तिबेटी बौद्ध मंत्रगायनावरचा १९७५ मध्ये, आणि दक्षिणेच्या रागांवरचा १९७६ मध्ये. ज्या संगीतातले पहिल्या भेटीत काही कळले नव्हते त्याच्या एकेका रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, चलन, जवळच्या रागांहून असलेले भेद ते चौतीस वर्षांनी जुळवून देत होते. चौतीस वर्षे हा आकडा मी मुद्दाम देतो, कारण परमुलखाविषयी पुस्तक लिहिण्याची घाई झालेले पुष्कळ जण भेटतात.

उत्तरेकडच्या रागांवरील त्या ग्रंथाची मांडणी पाहिली तर मराठी वाचकाला आपल्या घरातली वस्तू दूरच्या कपाटात सापडल्यासारखे वाटते. राग तेथे कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी या दहा थाटांत वाटलेले आहेत. आणि ही व्यवस्था पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. भातखंडे वाळकेश्वरचे, शिक्षणाने वकील, कोणत्याही घराण्यात न जन्मलेले. जन्माच्या न्यायाने पाहिले तर तेही परकेच. रामपूर, ग्वाल्हेर, जयपूर अशा ठिकाणी उस्तादांच्या दाराशी बसून त्यांनी चिजा मिळविल्या, प्रवासांत ग्रंथ धुंडाळले, आणि जे हाती आले ते ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या नावाने चार भागांत मराठीत लिहून ठेवले. त्यांच्या थाटांवर पुढे पुष्कळ टीका झाली; मारव्याच्या थाटात असे राग आहेत की ज्यांचे एकमेकांशी मुळीच जमत नाही, ही तक्रार रास्तही आहे. काउफमान यांना ही टीका अपरिचित असणे शक्य नव्हते. तरी रचना त्यांनी भातखंड्यांचीच ठेवली, आणि इंडियानातील मक्याच्या शेतांमधल्या त्या गावात, ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही अशा मुलांना, मुंबईच्या एका वकिलाने मराठीत मांडलेला तो हिशेब एक जर्मनभाषी शिक्षक इंग्रजीतून समजावून सांगत राहिला.